कडुलिंबात दडवलेला कॅमेरा

चोरासाठी लावलेला कॅमेरा दिवसभर नेमकं कुणाला बघत असतो, याचा तुम्ही कधी विचार केलाय?

उदगीरला आमच्या घरामागच्या अंगणात बोअर आहे. या उन्हाळ्यात तिथल्या मोटारीची केबल कुणीतरी कापून नेली. नवी टाकली, तीही गेली. मग बाबांनी मुठीत मावेल एवढा कॅमेरा आणला आणि तो कडुलिंबावर, पानांत दिसणार नाही असा बसवायचं ठरवलं. मी लातूरहून सुट्टीला आले होते. शिडी धरायचं काम माझ्याकडे आलं.

"बाबा, खाली पाटी लावू. कॅमेरा हाय म्हणून."

"म्हणजे चोराला आवतणच की! लई शहाणी झालीस लातूरला जाऊन."

बाबा निवृत्त शिक्षक. त्यांच्या संघटनेच्या पत्रकांवर बोट फिरवत मी वाचायला शिकले. 'आम्हाला न विचारता आमचं ठरवू नका' हे त्यांनीच लिहिलेलं वाक्य मी शिडीखालून त्यांना ऐकवलं. वरून वाळकी पानं तेवढी पडली.

त्या बोअरवर मागच्या गल्लीतल्या बायकाही पाणी भरतात. भिंतीपलीकडे राहणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या खाला तर आईच्या जिवाभावाच्या. दुपारी अंगण बायकांचं असतं. खाला बुरखा काढून फांदीला अडकवतात, केस धुतात, आईबरोबर वाकळा आपटतात. त्या वेळी आमच्या घरातला पुरुष दारात आधी खाकरतो आणि आतून "या" आल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. बाबांनी हे कधी चुकवलेलं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कौतुकानं फोन दाखवायला लागले. "बघ, मोटार कशी साफ दिसायलीय."

मोटारीशेजारी खाला होत्या. ओले केस मोकळे सोडलेले, बाह्या वर सारलेल्या, आईला काहीतरी सांगत खळखळून हसत होत्या. बाबांनी फोन झटकन पालथा केला.

"हे ध्यानातच न्हाई आलं."

"कॅमेरा खाकरत न्हाई, बाबा."

"काढून टाकतो गुपचूप. कुणाला कळायचं न्हाई."

"खालांना सांगावं लागंल."

"आन् त्या यायच्या बंद झाल्या तर? तुझ्या आईला इथं दुसरं कोण हाय बोलायला?"

हे खरं होतं. तरी मी हट्ट सोडला नाही. शेवटी बाबा उठले, दारात खाकरले, खालांनी ओढणी सावरेपर्यंत थांबले आणि मग त्यांना सगळं सांगितलं. फोन त्यांच्या हातात दिला.

खालांनी मान वर करून झाडाकडे बघितलं. "झाड को आँखां लगाए तुम, गुरुजी? हमारे को एक बात तो बोलना था." मग फोन आईकडे देऊन म्हणाल्या, "ये सब मिटाओ." आईनं त्यांच्यासमोर सगळं पुसलं.

नंतर काही दिवस त्या आल्या नाहीत. आई बाबांना ताट वाढायची, बोलायची नाही. बाबांनी कॅमेरा उतरवून मागच्या दाराच्या खांबावर, गल्लीकडे तोंड करून, सगळ्यांना दिसेल असा लावला.

मग एका दुपारी खाला घागर घेऊन दारात उभ्या राहिल्या. कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "और थोडा बाहर घुमाओ." बाबांनी वळवला. त्या आत आल्या, पाणी भरलं, आईशी दोन शब्द बोलल्या.

आता त्या रोज येतात. पण केस अजून घरीच धुतात, आणि बुरखा काढत नाहीत. आम्ही त्यांना आग्रह करत नाही. विश्वास मागून मिळत नाही, एवढं आम्हा तिघांनाही कळलंय.

तुमच्या दारात, झाडात, छपराखाली असा कॅमेरा असेल, तर आजच फोन घेऊन त्यात दिसणाऱ्या शेजारणीकडे, भांडी घासायला येणाऱ्या मावशींकडे जा. चित्र त्यांच्या हातात द्या. आणि त्या सांगतील तिकडे कॅमेरा वळवा.