वकीलबाईंचा प्रश्न

परदेशी जाणाऱ्यांचे कागद करणाऱ्या वकीलबाईंच्या भिंतीवर पाच पदव्या टांगलेल्या. मी चौथी शिकलेला. बायको गेली, म्हणून लेक मला तिकडं बोलावतेय. पण लेकीच्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव, शोभा. बाकी सगळीकडं सासरचं, लक्ष्मी.

"काका, दोघी एकच, याला पुरावा?"

"लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं मीच नाव लिहिलं, बाई. ते तांदूळ शिजवून खाल्ले."

बाई हसल्या नाहीत. "वकील व्हायच्या आधी दहा वर्षं कचेरीत मी अशीच नावं जुळवत होते. शपथपत्र करू. तुम्ही हाक कुठल्या नावानं मारायचात?"

"कुठल्याच नाही. 'अगं' म्हणायचो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी ठेवलेलं नाव आता परमुलखातले साहेब वाचतील. मी मात्र ते तिच्यासमोर एकदाही उच्चारलं नाही.