वर सरकलेला डोंगर आणि काझी सर

काझी सर गेल्याचं त्यांच्या मुलीनं वर्कशॉपच्या फोनवर कळवलं, तेव्हा मी एका गेटची चौकट जोडत होतो. "अब्बा सकाळी गेले," एवढंच ती म्हणाली. काही आठवडे झाले याला... अजून फोन वाजला की मी दुसऱ्याला उचलायला सांगतो.

मी माणदेशातला. आठवीत शाळा सुटली आणि वेल्डिंग शिकायला रत्नागिरीत आलो. सर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. दोन हजार सालाच्या आसपास त्यांनी माझ्याकडून पत्र्याचे मोठे तिकोनी कोपरे बनवून घेतले, खोलीचा कोपरा उचलून आणावा तसे. उपग्रह वरून रडारच्या लहरी सोडतो, त्या या कोपऱ्यात आपटून सरळ माघारी जातात. त्याच्या दोन फेऱ्यांतल्या मापांचा फरक काढला की जमीन बोटाच्या पेराहून कमी सरकली तरी कळतं, हे त्यांनी माझ्याशेजारी स्टुलावर बसून समजावलं. मला असं समजावत कुणी कधी बसलं नव्हतं.

सावर्ड्याच्या बाजूला डोंगराखाली एक वाडी होती, तिथल्या घरांच्या भिंतींना भेगा पडत होत्या. वरच्या उतारावर आम्ही ते कोपरे बसवले. त्या श्रावणात पाऊस थांबेना, आणि मापांचा हिशोब करणाऱ्या सरांच्या विद्यार्थ्याचा पुण्याहून फोन आला. बाकीचे कोपरे जागच्या जागी, पण कड्यालगतचा वर आलाय. "डोंगर वर कसा येईल रे?" सर माझ्याकडं बघत राहिले. चिखलात घसरत आम्ही चढलो. पाहतो तर कोपऱ्याखाली जांभ्या दगडाचा सुबक चौथरा, वर जास्वंदीचं फूल.

"भुईवर बरा दिसत नव्हता, म्हणून उचलून घेतला," वाडीतल्या म्हाताऱ्या आनंदीकाकी म्हणाल्या. "आमच्यावर लक्ष ठेवतो ना तो."

कोपरा उचलल्यानं नेमकं कड्याजवळचंच माप वाया गेलं होतं, आणि उपग्रह त्याच वाटेनं परत यायला महिनाभर लागणार होता. त्यांनी वाडी गोळा केली, घरं सोडा म्हणाले. काकींचा मुलगा हसला. "सर, तुमचाच यंत्र म्हणतो डोंगर वर चाललाय. मंग तो खाली कसा येल?"

"येईल की नाही, मला ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणूनच सांगतोय."

कुणी हललं नाही. मग सर एकटेच ओल्या कपड्यांनी डोंगरापासून लांबच्या शाळेत जाऊन भिंतीला टेकून बसले. म्हातारा माणूस कुडकुडतोय म्हणून काकी घोंगडी घेऊन गेल्या, काकींना परत आणायला मुलगा गेला, त्याच्यामागं सून, पोरं, शेळ्या, मग शेजारची घरं... आणि वाडी रिकामी झाली. लोक टोमणे मारत राहिले, सर ऐकून घेत राहिले. बोलता बोलता मध्येच थांबून डोंगराकडं कान लावायचे.

डोंगर आला नाही. पाऊस ओसरला, लोक परतले. पुढच्या फेरीतही काही हललेलं दिसलं नाही. सर घरोघर जाऊन म्हणाले, "माझ्यामुळं तुमचा खोळंबा झाला." परतताना मला म्हणाले, "आला नाही, बरं झालं."

सर गेल्याचं सांगायला परवा वाडीत गेलो. पाऊस लागून राहिलेला, घरांना बाहेरून कड्या. सगळी माणसं शाळेत होती, कुणी न सांगता. आनंदीकाकी आता नाहीत. त्यांच्या मुलानं सर टेकायचे त्या भिंतीशी चटई टाकलेली. "बस," म्हणाला. बसलो... पण पाठ टेकवायचा धीर काही झाला नाही.