मेन स्विच आणि खिम्याच्या गोळ्यांचं सूप

आईबापांनी ठेवलेलं नाव फ्यूजरावांच्या स्वतःच्याही ध्यानात राहिलं असेल की नाही, देव जाणे. जन्मभर वायरमनकी केली. तरुणपणी एका घरात विसरलेल्या इस्त्रीने झालेली राखरांगोळी त्यांनी डोळ्यांनी पाहिली, तेव्हापासून घराबाहेर पाऊल टाकायचं तर आधी मेन स्विच खाली! दूध नासतं म्हणून बायकोने घर डोक्यावर घेतलं, तेव्हा फ्रिजला तेवढी वेगळी लाइन काढून दिली. बाकी घर अंधारात.

अशात बायकोचा पाय मोडला. ऑपरेशन झालं, आणि घरी सोडायच्या आदल्या दिवशी तिची थोरली बहीण दवाखान्यात रिकामी बॅग घेऊन हजर.

"भाऊजी, हिला मी माझ्याकडे नेते. तुम्हाला धड चहा येत नाही. हाड सांधेपर्यंत हिने काय वायरी चघळायच्या?"

लग्न झाल्यापासून बायकोशिवाय फ्यूजराव कधी राहिलेच नव्हते.

"ताई, उद्या माझ्या हातचं जेवा," ते म्हणाले, "आणि मग खुशाल बॅग भरा."

लेकीने पाठवलेला स्लो कुकर, म्हणजे दिवसभर मंद शिजवणारं विजेचं भांडं, माळ्यावर खोक्यातच पडून होता. सकाळी ती फोनवर सांगत गेली आणि हे करत गेले. खिम्यात पावाचा चुरा, अंडं, लसूण, किसलेलं चीज. गोळे वळले तेही बल्बसारखे गरगरीत. मग टोमॅटो, गाजर, पाणी; पास्ता शेवटी टाकायला बाजूला. खिमा आणला होता दुप्पट, म्हणून उरलेला फ्रिजमध्ये गेला.

"बाबा, इटलीतलं सूप आहे. बटण दाबा आणि दिवसभर विसरून जा," लेक म्हणाली.

बटण दाबलं. शीळ घालत दाराबाहेर पडले, आणि हाताने जे जन्मभर केलं तेच केलं.

संध्याकाळी दोघी बहिणींना घेऊन घरी आले. बहिणीने दिव्याचं बटण दाबलं. काही नाही.

"वीज गेली वाटतं."

फ्यूजराव जागच्या जागी थिजले. वीज गेली नव्हती. खटका वर करून ते स्वयंपाकघरात धावले आणि झाकण उचललं. गार पाण्यात गोळे तसेच बसलेले, वर्गात शिक्षा झालेल्या पोरांसारखे. सगळं केरात गेलं. तिघांनी पाव आणि दूध खाल्लं.

"फ्रिजला वेगळी लाइन," बहीण कपाळाला हात लावून म्हणाली, "आणि माझ्या बहिणीच्या जेवणाला नाही?"

उत्तर बायकोने दिलं.

"उद्या टाके दाखवायला जायचंय आपल्याला. अहो, उरलेला खिमा आहे ना? पुन्हा लावा. ताई, तुझी बॅग आज राहू दे रिकामी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळे, पुन्हा बटण. तिघं दारात आली आणि फ्यूजरावांचा हात आपसूक वर गेला. बायकोने काठी आडवी घातली.

"आज नाही."

"अगं, घर पेटलं म्हणजे?"

"पेटू दे. मी तुमच्याबरोबर बाहेर आहे ना?"

दवाखान्यात त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. रस्त्यावरून अग्निशामक गाडी घणघणत गेली तर हे पांढरेफटक! डॉक्टरांनी पेशंट सोडून यांचीच नाडी धरली. परतल्यावर दार उघडण्याआधी दाराला तळहात लावून पाहिला, तापलंय का म्हणून. दार गार होतं. आतून मात्र लसणाचा असा घमघमाट, की ते हबकून उंबऱ्यावरच उभे राहिले. घरात कोणी नाही, वीज चालू, काहीही जळलं नाही, उलट स्वयंपाक झालाय! असं आक्रीत त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

पास्ता टाकला, शिजला, वाडगे भरले. बहिणीने चमचा तोंडात घातला.

"मीठ कमी आहे," म्हणाली, आणि थोड्या वेळाने रिकामा वाडगा पुन्हा पुढे केला.

फ्यूजराव श्वास रोखून बायकोकडे पाहत होते. ती गोळ्याचे तुकडे करत सावकाश खात होती.

"ताई," ती मान वर न करता म्हणाली, "जाताना तुझी बॅग आठवणीने ने हं. उगाच दारात अडते."

फ्यूजरावांचा चमचा तोंडाशी तसाच राहिला.

"अहो, खा की," बायको म्हणाली. "गार होतंय."