आक्काचं रान

"पावणं, पिशव्या पालत्या करा बघू."

रामराम नाही, बसा नाही, पाणी नाही. रानातला चढ चढून धापा टाकत आलेल्या माणसाला आक्का पहिल्यांदा हेच सांगायची. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात विळा. तुम्ही मोठे साहेब असा नाहीतर कॉलेजातलं पोर, सॅक तिच्यापुढं ओतावीच लागायची. मग ती विळ्याच्या टोकानं त्या ढिगाऱ्यात उलथापालथ करायची. गाणी वाजवायचा स्पीकर निघाला की तो पाहुणा परत जाईपर्यंत तिच्या तांदळाच्या डब्यात. फरसाण, वेफर्स निघाले की ते तिथंच सगळ्यांनी मिळून संपवायचे, आणि त्यात तिचा वाटा सगळ्यात मोठा असायचा.

"एकदा वानराला फरसाण कळालं की त्ये परत उंबरं खाईल व्हय?" असं तिचं म्हणणं. "माझं सोडा. मी आधीच बिघडलोय."

राधानगरीच्या रानात, डांबरी सडक सोडून दोन किलोमीटर पायवाटेनं गेलं की हा मुक्कामाचा तळ लागायचा. गावच्या वनसमितीनं तो चालवायला घेतला होता. चार दगडी चौथरे, त्यांवर चार तंबू, बाजूला ओढा, आणि गोणपाटाच्या आडोशाला एक खड्डा. तो खड्डा कशासाठी, हे शहरातल्या पाहुण्यांना समजावून सांगताना आक्काला फार आनंद व्हायचा. वीज नव्हती, फोनला रेंज नव्हती. तळ दिवाळीनंतर उघडायचा आणि मे संपला की बंद. आक्का खालच्या गावातली, एकटी राहणारी विधवा बाई. समितीनं तिला राखणीला ठेवलं होतं.

माझं कोल्हापुरात, कसबा बावड्यात मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. शेजारी सलीमचं ताडपत्री शिवायचं दुकान. तळाचे तंबू सलीमनंच शिवले आणि ते पोचवायला मी त्याच्याबरोबर गेलो, ही आमची ओळख. पुढं दर हिवाळ्यात दोन दिवस आमचा मुक्काम ठरलेलाच.

तळावर मटण शिजवायला सक्त मनाई होती. वास लांबवर जातो, नको ती जनावरं जवळ येतात. पण कोल्हापूरचा माणूस दोन दिवस बाहेर पडणार आणि मटण नाही, हे सलीमच्या डोक्यात शिरेना. एका वर्षी एक तंबू बदलायचा होता. सलीमनं नव्या तंबूच्या घड्यांत किलोभर मटण गुंडाळून आणलं. आक्कानं आमच्या पिशव्या पालत्या करून घेतल्या, काही सापडलं नाही. सलीम माझ्याकडं बघून डोळे मिचकावतोय तोवर ती खाली वाकली आणि तंबू हुंगला.

"सलीमभाऊ, ह्यो तंबू वशाट कसा काय वो?"

मटण घेऊन ती चालू लागली. दोन तासांनी मोकळ्या हातानं परत आली. "घरात चुलीवर ठिवून आलोय. खायाचं आसंल तर खाली चला." आम्ही भर उन्हात तिच्या घरापर्यंत तीन किलोमीटर उतरलो, जेवलो, आणि तटतटलेल्या पोटानं तेवढंच पुन्हा चढलो. सलीम वाटेत चार वेळा बसला. पुढच्या वर्षी आमटी-भात खाईन म्हणाला. मागनं आक्का म्हणाली, "बगा, आता कसं पचलं." असल्या बाईवर रागावणार तरी कसं?

एकदा उन्हाळ्यात ती न सांगता माझ्या दुकानात आली. बावड्यात ती कधी येत नसे. तांब्याच्या तारांच्या रिळांमध्ये स्टुलावर बसली.  कळलं ते असं: एका ठेकेदारानं तळाची जागा समितीकडं मागितली होती. तिथं त्याला सिमेंटच्या खोल्या, पोहायची टाकी आणि दिव्यांच्या माळा करायच्या होत्या. गावाला चार पैसे मिळतील म्हणून निम्मी समिती राजी झाली होती.

"आक्का, तुला तिथंच काम देतील की," मी म्हणालो.

"माझ्या कामाला काय आग लागलीया? मी कुणाचीबी भांडी घाशीन." तिचा आवाज चढला. "लायटी आल्या की रान उठून जातंय. मग राखायचं काय, खोल्या?"

मी चहा मागवला. चहा बशीत ओतता ओतता तिचा चेहरा एकदम बदलला. सलीमचं मटण पकडताना दिसला होता तसाच.

"त्यो ठेकेदार आलता कवा, तर पुसात. थंडीत कुणालाबी ग्वाडच वाटतंय. त्याला मी आखाडाच्या जेवणाला बोलीवतो. तुमी दोघंबी या. फकस्त पायाला तंबाखूचं पाणी लावून या, आन् ह्ये कुणाला बोलू नगा."

श्रावण लागायच्या आधी आषाढात आमच्याकडं घरोघरी मटणाची जेवणं होतात. आखाडाच्या जेवणाला नाही म्हणणारा कोल्हापूरकर अजून जन्मायचाय. ठेकेदारही आला. बरोबर समितीचे तिघं होते. सगळे पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. गाडी सडकेवर ठेवून ते छत्र्या धरून पायवाटेनं निघाले. राधानगरीचा पाऊस छत्रीला मोजत नाही. पायवाटेचा ओढा झाला होता. तळावर पोचेपर्यंत पांढरं काही उरलं नव्हतं.

आक्कानं मात्र स्वागतात काही कमी ठेवलं नाही. स्वतःचा नियम मोडून तिनं तळावरच चूल मांडली होती. ताडपत्रीखाली पानं वाढली. तांबडा रस्सा असा की पावसातही कपाळाला घाम यावा. एकाचीही पिशवी तिनं पालती केली नाही. "सायेब, लाजू नगा. आजून घ्या." ठेकेदार खूश होऊन समितीच्या लोकांना म्हणाला, "बघा, हितं आपलं किचन येईल." आणि मांडी मोडायला म्हणून त्यानं पाय पुढं घेतला.

पँट गुडघ्यापर्यंत लाल झाली होती. वर सरकवली तर दोन्ही पोटऱ्यांवर मिळून अकरा जळवा. जेवता जेवता सलीमनं त्या मोजल्या. तंबाखूच्या पाण्यामुळं आमच्या पायांना एकही नव्हती. ठेकेदार पान ओलांडून उभा राहिला आणि एका पायावर नाचू लागला.

"ओढू नगा, सायेब," आक्का वाढता वाढता शांतपणे म्हणाली. "प्वाट भरलं की आपसूक पडती ती. तुमचं जेवान झालं, तिचंबी हुंदे की."

"हे असं किती दिवस असतं हितं?"

"लई न्हाई. चार म्हैनं."

पांढरा रस्सा वाढायच्या आत मंडळी सडकेकडं निघाली. समितीचे तिघंही पाय झटकतच गेले. आम्ही दोघांनी सगळ्यांच्या वाटणीचं जेवण जेवून घेतलं. पुढं ठेकेदारानं धरणाच्या बाजूला दुसरी जागा बघितली असं कानावर आलं. आक्काला विचारलं की ती म्हणायची, "मी काय केलं? मी तर जेवू घातलं."

त्यानंतर काही वर्षांनी आक्काचे गुडघे गेले. चढ होईना. लेक तिला कोडोलीला घेऊन गेली. समितीनं तिच्या जागी दोन माणसं ठेवून बघितली. रेंज नाही म्हणून पहिला आठ दिवसांत पळाला, दुसरा चार दिवसांत. तळ बंद पडला.

मागच्या हिवाळ्यात मी एकटाच वर जाऊन आलो. चौथरे गवतात बुडाले होते. आम्ही तंबू ठोकायचो तिथं गवे बसले होते. मी लांबूनच मागं फिरलो आणि सरळ कोडोली गाठली. आक्का अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती. तळ मोडला हे हिला कसं सांगायचं, याचं मला वाटेत दडपण आलं होतं. पण सांगून टाकलं.

"गवं किती?" तिनं विचारलं.

"सात."

"वासरं हुती?"

"दोन."

तिनं हातातल्या शेंगा सुपात ठेवल्या आणि पदरानं डोळे पुसले. हसतही होती. "बेस झालं," म्हणाली. मग माझ्याकडं वळून दटावलं, "आन् तुमी कशाला गेलतासा तितं? आता जाऊ नगा."

खरं सांगतो, मला लागलं ते. इतक्या वर्षांत मी स्वतःला पाहुण्यांत धरत नव्हतो. पण तिनं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि निघताना ओंजळभर शेंगा खिशात कोंबल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात आक्का गेली. मला तिची फार आठवण येते, सलीमलाही येते, पण तो आठवण काढतो ती मटणाच्या गोष्टीतच.

अजून दुकानात कुणीकुणी येतं. तिकडं रानात तंबूत राहायची एक जागा होती म्हणे, वाट सांगा म्हणतं. सलीम शिवणयंत्रावरून मान वर न करता सांगतो, "पूल वाहून गेलाय, पावणं. पलीकडं जाता येत न्हाई." मीही मान हलवतो. त्या वाटेवर पूल कधीच नव्हता.