पुडी आणि हेल्मेट

ती घटना आठवली की आजही माझी मान ताठ होते, आणि त्यात माझं स्वतःचं कौतुक निम्मंच आहे.

मी तेव्हा वारज्याकडच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. एका सकाळी कर्वेनगरच्या एक शिक्षिका पुडी घेऊन आल्या.

"साहेब, आम्हाला मूल होत नाही. दोष यांच्यात आहे, म्हणून एका वैद्याची वनस्पतींची पूड घेतात. ती घ्यायला लागल्यापासून शुक्राणू आणखी कमी झालेत. डॉक्टर म्हणतात, भेसळ असणार."

"ते स्वतः नाही आले?"

"आलेत की. बाहेर गाडीवर बसलेत."

खिडकीतून पाहिलं, तर गृहस्थ हेल्मेट घालून बसलेले. पुण्यात उभ्या गाडीवर कोणी हेल्मेट घातलं, तर त्याला तोंड लपवायचं असतं, एवढं मी नोकरीत शिकलो होतो.

औषध निरीक्षकांना घेऊन आम्ही वैद्याच्या दुकानावर छापा घातला, पंचनामा करून पुड्या जप्त केल्या. चौकशीत वैद्याचं एकच पालुपद, "शुद्ध अश्वगंधा, मुसळी, कवचबीज."

त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. मुद्देमालाला हात न लावता मी बाजारातली साधी अश्वगंधा तशाच पुडीत बांधून त्याच्यापुढे ठेवली.

"शुद्ध आहे ना? मग घ्या चमचाभर."

तो खुर्चीसकट मागे सरकला. "नको साहेब! मला मूल व्हायचंय अजून!"

हवालदारांना हसू आवरेना. मग सगळं बाहेर आलं. हा पठ्ठ्या पुडीत हार्मोनच्या गोळ्या कुटून घालायचा. अंगात जोर वाटायचा, पण शुक्राणू घटायचे. वर पथ्य असं, की कोणाला सांगितलं तर गुण येणार नाही.

आता फिर्याद द्यायला फसलेला माणूस हवा होता. वैद्याच्या मोबाइलमधल्या गिऱ्हाइकांना फोन केले, तर सगळेच 'राँग नंबर' निघाले. मी वैतागून बाईंना तसं कळवलं.

तासाभरात ते हेल्मेटवाले गृहस्थ बाईंबरोबर आत आले.

"फिर्याद माझी घ्या."

"अहो, आधी ते काढा," हवालदार म्हणाले.

त्यांनी हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. भरल्या ठाण्यात ते स्पष्ट म्हणाले, "मूल होत नाही, दोष माझ्यात आहे. लिहा." बाईंचे डोळे भरले. पुढे त्या गृहस्थांनीच त्या 'राँग नंबरां'ना फोन लावले आणि साक्षीदार उभे केले. वैद्याला शिक्षा झाली.

वनस्पतींत गुण किती, ते शास्त्रज्ञ ठरवतील. मला एवढं कळलं, की त्या ठगाचं दुकान पुडीवर नाही, गिऱ्हाइकाच्या लाजेवर चालत होतं.

त्या दिवशी फिर्याद देऊन दोघं निघाले, तेव्हा हेल्मेट टेबलावरच राहिलं होतं. मी मागून ओरडलो, "अहो, घालून जा, चौकात पावती फाटेल!" पण हेल्मेट विसरणाऱ्या त्या पुणेकराला मी मनातून सलाम केला होता.