लेह ते मुंबई, तीन तास

बाबा ठाण्यात खोपटच्या डेपोत एसट्या धुवायचे. आई कळव्यात चार घरची भांडी घासायची. एका खोलीत आम्ही सहा माणसं. त्या खोलीतून कॉलेजात जाऊन पदवी घेणारा पहिला माणूस मी. हे मी आजही छाती काढून सांगतो. बी.ए. झालो आणि फौजेत भरती झालो.

लडाखमध्ये, हिमनदीवरच्या पोस्टवर आम्ही नऊ जण होतो. मी हवालदार, पोस्टचा कमांडर. पोरं मला प्रोफेसर म्हणायची. लान्स नायक प्रकाश डोंबिवलीचा, त्यामुळे आमचं जास्त जमायचं.

आठवड्यातून एकदा सॅटेलाइट फोन मिळायचा. प्रकाश आईला बिनधास्त ठोकून द्यायचा.

"मी लेहला आहे गं, विमानतळाच्या बाजूलाच. लेह ते मुंबई तीन तास. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकला अडकलीस तर त्याहून जास्त लागतात."

फोन ठेवला की मी म्हणायचो, "लेह? साल्या, इथून लेहला उतरायलाच दिवस जातात."

"प्रोफेसर, तिला खरं अंतर सांगून काय करू? झोप लागली पाहिजे तिला."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्याला श्वास घेता येईना. फुप्फुसात पाणी झालेलं. ऑक्सिजन लावला. मी रेडिओवर बसलो.

"कॅज्युअल्टी वन, सिरियस. चॉपर पाठवा. ओव्हर."

"चॉपर निगेटिव्ह. व्हिजिबिलिटी झीरो. वेट. ओव्हर."

दुपारी प्रकाश गेला.

वादळ थांबेना. आमच्या पोस्टची एक रीत होती. गेलेल्या जवानाला खाली नेईपर्यंत तो पोस्टवरच आहे असं धरायचं. आम्ही पाळीपाळीने त्याच्याजवळ बसायचो. चहा झाला की त्याचाही मग भरायचा. संध्याकाळच्या रिपोर्टला मी सांगायचो, "स्ट्रेंथ नाइन." खालून कोणी दुरुस्त केलं नाही.

घरी कळवलेलं होतं. पोराचं तोंड पाहिल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही, असं त्याच्या आईने धरून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी खालच्या बेसवरच्या साहेबांनी तिचा फोन मला जोडून दिला.

"तीन तास लागतात ना रे? तोच सांगायचा. मग तीन दिवस कुठे ठेवलंय माझ्या पोराला?"

"काकू, तीन तास लेहपासून."

"मग?"

"आम्ही लेहला नाही. खूप वर आहोत. हवा उघडली की हेलिकॉप्टर येईल."

त्या म्हणाल्या, "माहीत होतं मला. बोलताना धाप लागायची त्याला. विमानतळ बाजूला म्हणे, आणि विमानाचा आवाज कधी आला नाही. मी आपली हो हो म्हणायचे. आईला झोप लागते असं वाटू दे त्याला."

मग त्यांनीच विचारलं,

"तू जवळ आहेस ना त्याच्या?"

"आहे."

"जेवलास?"

"नाही. तुम्ही जेवा, मग मी."

"वाद नको घालूस. फौजेत हेच शिकवलं का? त्याला घेऊन यायचंय तुला. चार घास खा. मीपण खाते."

मी खाल्लं. दुसऱ्या दिवशी हवा उघडली. चॉपरने बेस, तिथून लेह, लेहहून विमान. सगळीकडे मी शवपेटीसोबत होतो. विमानाला खरंच तीन तास लागले.

डोंबिवलीत भर दुपारी, चाळीच्या अंगणात पेटी उघडली. काकूंनी त्याच्या गालावरून हात फिरवला, कपाळावरचे केस मागे सारले. कोणी घाई केली नाही.

लान्स नायक प्रकाश, वय सव्वीस, घरी पोहोचला. आईने त्याला डोळे भरून पाहिलं.