स्कूटरवर टायटॅनियमची भुकटी: पुण्याहून नगर, आणि पुढे राहुरी

लग्नाला दोन महिने होऊन गेले तरी माधव आणि मी कुठेच फिरायला गेलो नव्हतो. सत्तरच्या दशकाची ती पहिली वर्षं. दोघंही पुण्यातल्या एकाच प्रयोगशाळेत, धातूंच्या विभागात. कामावरचं अहो-जाहो लग्नानंतरही सुटलं नव्हतं. जानेवारीत एक दिवस आमच्या सरांनी टेबलावर टायटॅनियमचा तडकलेला तुकडा ठेवला आणि म्हणाले, "दोघं नगरला जाऊन या. शेवटचा प्रयत्न." असा आमचा मधुचंद्र ठरला.

अडचण अशी होती. धातूची भुकटी साच्यात भरून वरून दाबली की ती कुठे घट्ट, कुठे भुसभुशीत राहायची आणि भट्टीत तुकडा तडकायचा. बेसनाचा लाडू जसा मुठीत चहूबाजूंनी वळतात, तसा दाब हवा होता. तापलेल्या वायूने असं सगळीकडून दाबणारी यंत्रं परदेशात निघाली होती. आमच्याकडे त्यांची फक्त चित्रं. पण सरांच्या ओळखीचे एक कारागीर, नगरचे शमुवेलमामा, यांनी लष्करी भंगाराच्या लिलावात तोफेच्या नळीचा तुकडा घेतला होता. दोन्ही टोकं बंद करून त्यात पाण्याचा प्रचंड दाब आणता येतो, असं त्यांनी कळवलं होतं. भुकटी रबरी पिशवीत बांधून त्या पाण्यात सोडायची. तापवायचं काम नंतर आमच्या भट्टीत. भुकटी दोन तुकड्यांपुरतीच उरली होती. दोन्ही फसले तर सर हे काम बंद करणार होते.

शुक्रवारी सकाळी सहाला निघालो. माधव स्कूटर चालवत होता, मी मागे, मांडीवर भुकटीचा डबा. टायटॅनियमची भुकटी ठिणगीने पेटते, त्यामुळे शिरूरला चहा प्यायला थांबलो तेव्हा शेजारच्या बाकावरच्या आजोबांना मी म्हटलं, "बाबा, तेवढी बिडी विझवता का?"

"का गं पोरी, डब्यात काय बाँब हाय?"

"तसंच काहीतरी," माधव म्हणाला. आजोबा चहा अर्धा टाकून उठले. घोड नदी ओलांडून नगर जिल्ह्यात शिरेपर्यंत आम्ही हसत होतो.

तेव्हाचा रस्ता अरुंद. समोरून ट्रक आला की खाली उतरायचं आणि धूळ बसेपर्यंत थांबायचं. सुप्यानंतर मोकळी माळरानं लागली, थंड वारा तोंडावर. साडेअकराला नगर. सात रुपयांत लॉजची खोली मिळाली, खाली खाणावळीत पिठलं-भाकरी.

शमुवेलमामा साठीचे, डोक्यावर फेल्ट हॅट, बोलणं हळू. सायकलच्या ट्यूबमध्ये अर्धी भुकटी भरून मी दोन्ही तोंडं तांब्याच्या तारेने आवळली. पिशवी नळीत गेली, झाकण बसलं. विटांच्या भिंतीआड उभं राहून मामा आणि माधव पंपाचा दांडा मारू लागले. दाबाचा काटा चढला, चढला, आणि मध्येच थरथरला. पिशवी बाहेर काढली तेव्हा आत करडा चिखल.

"पाणी शिरलं, बाई," मामा एवढंच म्हणाले. बांधलं मीच होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा तार घेऊन बसले, पण हात धजेना. मामांकडे राहुरीकडचे एक शेतकरी, बबनराव, विहिरीवरच्या पंपाचा दुरुस्त केलेला भाग न्यायला आले होते. थोडा वेळ बघत राहिले.

"ताई, तारेनं न्हाई जमायचं. तार रबर कापती."

"मग कशाने बांधू?"

"आमी फुटका पाइप ट्यूबच्याच पट्टीनं बांधतो. लई तानायची अन् एकावर एक गुंडाळायची. पानी जितकं दाबतं तितकी ती घट बसती."

मामांनी हॅट काढली. "खरं आहे की! बाहेरच्या दाबाने ती आवळतच जाणार."

पट्टी बबनरावांनी ताणून धरली, मी गुंडाळली. या वेळी काटा थरथरला नाही. मामांनी दाब उतरवला, मी ट्यूब ब्लेडने चिरली. आत खडूच्या आकाराचा करडा, गुळगुळीत दांडा! माधवने तो उचलला आणि मामांसमोर माझा हात धरला. नवरा चारचौघांत हात धरतो, हे तेव्हा केवढं होतं!

बबनरावांनी दांडा हातात घेतला. "लई हलकं हाय की! आता हुरडा खाल्ल्याबिगर जायचं न्हाई."

मग एका स्कूटरवर तिघं: पुढे माधव, मध्ये मी दांडा शालीत गुंडाळून, मागे पंपाचा भाग घेऊन बबनराव. राहुरीच्या अलीकडे त्यांचं शेत. आगटीत भाजलेली कणसं त्यांच्या बायकोने हातावर चोळून दिली. सोबत लसणाची चटणी, गूळ, दही. मी आदल्या दिवसाचंही जेवले. संध्याकाळी ते आम्हाला मुळा धरण दाखवायला घेऊन गेले. नवीकोरी भिंत, मावळतीला पाण्याचा रंग गुळासारखा. तुम्ही जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीतच जा, हुरडा तेव्हाच मिळतो.

रविवारी परतलो. दहा दिवसांनी भट्टी उघडली. दांडा थोडा आकसला होता, पण एकही तडा नव्हता. टेबलावर आपटल्यावर वाजला. सरांनी तीनदा वाजवून पाहिला.

पुढे आमच्या मुलांनी स्वित्झर्लंड दाखवलं, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात मी गरम वायूची ती खरी यंत्रंही पाहिली. तरी प्रवास म्हटलं की मला ते तीन दिवस आठवतात. काम आणि संसार एकाच वेळी सुरू झाल्यासारखं वाटलं होतं.

अहवालात शेवटी आभार लिहिताना आम्ही शमुवेलमामांच्या खाली 'बबनराव, शेतकरी' असं लिहिलं. सर काट मारतील अशी आमची खात्री होती. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

"यांचं पूर्ण नाव काय?"

ते आम्ही विचारलंच नव्हतं.

"मग विचारून या," सर म्हणाले.

पुढच्याच रविवारी आम्ही पुन्हा स्कूटर काढली.